खडकामागची परात

किनाऱ्यावरचे लोक त्याला दुर्बीण म्हणतात. खरं नाव फक्त त्याची आई घेते, तेही रागावली तरच.

काम तसं साधं. वाळूच्या टोकाला लाकडी मचाण आहे. सकाळी तिथे चढायचं, गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि समुद्र बघत बसायचं. शार्क दिसला की लाल बावटा वर, शिट्टी तोंडात आणि माणसं पाण्याबाहेर. पूर्वी तो होडीवर होता. एका वादळात होडी उलटली आणि हा फळीला धरून कसाबसा काठाला लागला. बायकोने तेव्हाच बजावलं, पाण्यावरची नोकरी पुरे झाली, आता पाण्याकडे बघायची शोधा. देवाच्या मनात होतं म्हणायचं, कारण नगरपालिकेला नेमका मचाणावर माणूस हवा होता.

इतकी वर्षं बावट्याची घडीसुद्धा फारशी मोडत नसे. यंदा मात्र तो सारखा वर जायला लागला. पोहायला येणारे वैतागले. चहावाला तर रोज ग्लास पुढे करताना टोमणा मारायचा, "काच पूस रे बाबा. तुला हल्ली लाटेलाही दात दिसतात." दुर्बीण हसून चहा प्यायचा. पण नगरपालिकेचा निरोप आला तेव्हा त्याचं हसू मावळलं. असंच चालू राहिलं, तर खडकाच्या आडोशाचं उथळ पाणी हंगामभर बंद करणार होते.

त्या उथळ पाण्यात रोज सकाळी त्याची आई चालायची. तिच्या गुडघ्यांनी कधीचीच साथ सोडली होती. घरात ती भिंत धरून, दर दोन पावलांना देवाचं नाव घेत चालायची. पण पाण्याशी आली, की काठी वाळूत खुपसून ठेवायची आणि कमरेभर पाण्यात बाजाराला निघाल्यासारखी तरातरा फिरायची. पाणी सुटलं तर ती अंथरूण धरेल, हे डॉक्टरांनी सांगायला नकोच होतं.

त्याच आठवड्यात माशांचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिच्याकडे उडणारा कॅमेरा होता, पण मचाणाखाली मांडी घालून दुर्बिणीशी गप्पा मारायला ती बसली, तेव्हा घरचीच वाटली. याने विचारलं, एवढे शार्क आले कुठून? ती म्हणाली, एकच कारण काढायला जाल तर फसाल. पाणी कोमट झालंय, म्हणून लहान मासे काठाशी सरकलेत, आणि ताटामागे जेवणारा यायचाच. काही जातींची शिकार बंद झाल्याने त्यांची पिल्लं आता जगतात. पाण्यात माणसं वाढली, आकाशात कॅमेरे वाढले, तेव्हा पूर्वी गुपचूप येऊन जाणारेही आता दिसतात. यातले बहुतेक कुणाच्या वाटेला जात नाहीत. मग तिने सहज विचारलं, जवळपास माशांची घाण कुणी टाकतं का? त्या वासावर ते एकाच जागी घोटाळतात.

"माझ्या डोळ्यांदेखत? शक्यच नाही," दुर्बीण छाती काढून म्हणाला.

म्हणाला खरा, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने दुर्बीण लांबच्या पाण्यावरून काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजूच्या खडकांकडे वळवली. खडकामागे एक बाई परात रिती करत होती. माशांची डोकी, कल्ले, आतडी सगळं पाण्यात गेलं. मग तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि हात जोडले. ती त्याची बायको होती. ती वळून गेली, आणि थोड्याच वेळात एक करडी सावली रोजच्या ओळखीच्या दारात यावी तशी तिथे आली. पलीकडे आई चालत होती. त्याने बावटा चढवला आणि शिट्टी फुंकली. आई काठी टेकत, त्याच्या नावाने बोटं मोडत बाहेर आली.

बायको घरात शेजारपाजाऱ्यांचे मासे साफ करून द्यायची, हे त्याला ठाऊक होतं. उरलेलं कुठे जातं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. दुपारी ती सुरी धूत असताना तो तिच्याजवळ बसला. आधी हवेचं बोलून झालं, मग आईच्या गुडघ्यांचं. शेवटी तिनेच विचारलं, "अहो, एवढं कसलं पाल्हाळ चाललंय?"

त्याने सांगितलं. तिने सुरी पुसून ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बुडाला नाहीत, त्या दिवशी बोलले होते मी. समुद्राने माझा माणूस परत दिला, तर त्याच्या माशांतलं उरेल ते त्याला, रोज." पूर्वी ती ते लांबच्या धक्क्यावरून सोडायची. धक्का दुरुस्तीला निघाला, म्हणून यंदा खडकामागे जाऊ लागली होती.

ज्याच्या जिवासाठी नवस, त्यानेच तो मोडायला सांगायचा? तो म्हणाला, "तुझ्या देवाला मी काही सांगत नाही. तू फक्त एकदा मचाणावर ये."

दुसऱ्या दिवशी परात घरीच ठेवून ती शिडी चढली. सावली आली होतीच, खडकाशी वाट बघत फिरत होती. तिने दुर्बीण हळूहळू सरकवत पाण्यात चालणाऱ्या सासूवर आणली. सावली आणि सासूमध्ये किती कमी पाणी होतं, ते तिने पाहिलं.

"चढवा बावटा," ती म्हणाली, आणि शिडी उतरून स्वतःच सासूला हात द्यायला धावली.

त्या संध्याकाळी तिने देवापुढे बसून काय बोलणी केली, ती तिलाच ठाऊक. उठली ती झाकणाची बादली शोधायला. तिचा भाऊ पहाटे होडी घेऊन खोल पाण्यात जातो. बादली त्याच्याबरोबर जाऊ लागली. ती काठावर उभी राहून हात जोडते. देवाला अंतराची अडचण नसते, असं तिचं म्हणणं.

दुर्बिणीने त्या मुलीला खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, बाकीची कारणं जागेवर आहेत, शार्क येतीलच. आता निदान एका जागी घोटाळणार नाहीत. तसंच झालं. बावटा अजून चढतो, पण लवकर उतरतो, आणि उथळ पाणी बंद करायचं नगरपालिकेने सोडून दिलं.

सगळी हकिकत आईला शेवटी कळली. तिने काठी वाळूत खुपसली, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी पंगतीत उभी होते, आणि वाढणारी तू."

सून तोंडाला पदर लावून हसली. सासू तरातरा पाण्यात निघाली, आणि मचाणावर त्याने दुर्बीण आधी खडकाकडे, मग लांब फिरवली.