केरसुण्यांमागची चिठ्ठी

लोणीवाल्या काकूंना दुकानदार तीस वर्षं ओळखत होता. खरं सांगायचं तर, लोण्यासाठी त्यांना आठवड्याला पाच शेर मीठ लागतं, यापलीकडे त्याला त्यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं.

विक्रीच्या चिठ्ठ्या त्याच्या दुकानात लागत. घाईच्या असतील त्या दाराशी, बाकीच्या मागे केरसुण्यांजवळ. काकूंनीही एकदा चिठ्ठी लिहून घेतली : ओढ्याकाठचं कुरण, दुधाच्या चार किटल्या, लोणी घुसळायचं यंत्र.

"मुलाने 'विक, विक' म्हणून डोकं खाल्लंय. लाव मागेच, केरसुण्यांपाशी."

"तिथे कोण वाचणार, काकू? झुरळं?"

"वाचू देत की! त्यांनाही कुरण हवं असेल."

बाई भिडस्त, असं त्याला वाटलं. भलं करायला गेला आणि चिठ्ठी दाराशी टांगली, वर ठळक अक्षरांत. तिसऱ्या दिवशी एक दूधवाला थेट काकूंच्या घरी पोचला. भेटीला आलेला मुलगा समोरच बसलेला. काकूंना नाही म्हणता येईना. ती चिठ्ठी विकण्यासाठी नव्हतीच, मुलाचं तोंड बंद करण्यासाठी होती, हे दुकानदाराच्या डोक्यात शिरलं तेव्हा कुरणात दुसऱ्याच्या गायी चरत होत्या.

मुलाकडे राहायला जाण्याच्या आदल्या दिवशी काकू दुकानात आल्या. चुकलो म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण हात सवयीने मापाकडे गेला.

"पाच शेर ना, काकू?"

"नको रे. पावशेर दे. आता स्वयंपाकापुरतंच लागेल."

"बारीक देऊ की जाडं?"

"दे कुठलंही."