गाडीच्या सावलीसाठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेल्यावर त्याच्या फोटोलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

आम्ही एकलहऱ्याच्या कॉलनीत राहायचो. नवरा वीज केंद्रात कामाला. लेक सुनंदा बारावीला, म्हणून घरात कॉम्प्युटर आलेला — जुनाच, कुणीतरी वापरलेला. तिला पुढे तेच शिकायचं होतं. आणि मी? चाळिशीतली बाई, दुपारी दार लावून गाड्यांची शर्यत खेळायचे! हसताय? हसा. मीही हसते त्या बाईला. वळण आलं की खुर्चीसकट कलायची, भवानी. ती दोघं परतायच्या आत कॉम्प्युटरवर पुन्हा क्रोशाचा रुमाल.

तो खेळ पाठ झाला. मग भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीखाली लपवून नव्या खेळाची सीडी आणली. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमचं मशीन हा गेम ओढणार नाही. फार तर सेटिंगमधून सावल्या बंद करायला सांगा भाच्याला." भाचा अर्थात मीच दुकानात जन्माला घातलेला — सीडी त्याच्यासाठी हवीय, अशी थाप मारून.

झालंही तसंच. गाडी आधी वळायची, रस्ता मागाहून यायचा. सावल्या बंद केल्या की बरी धावायची — पण सावली गेली की गाडी रस्त्याला टेकलेलीच वाटेना. तरंगायची नुसती. मला सावली हवी होती. एवढंच. सावली.

मग माझी अक्कल चालली. पोटमाळा भरला की आपण काय करतो? दिवाळीआधी उपसतो. मशीनही भरलंय म्हणून दमतंय — काढा अडगळ! दिसेल ते पुसत गेले. वर त्यातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. टापटिपीची फार हौस ना मला. त्यात सुनंदाचं बारावीचं प्रोजेक्ट गेलं.

चुकून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण — फाइलवर तिचं नाव होतं. मी ते वाचलं होतं. असेल तिच्याकडे दुसरी प्रत, म्हटलं, आणि बटण दाबलं. दुसरी प्रत नव्हती. गाडी? ती तशीच अडखळत राहिली.

संध्याकाळी तिच्या बापाला मशीनमध्ये ती सीडी सापडली.

"अभ्यासाला दिला होता हा तुला, का गाड्या पळवायला?"

"पप्पा, माझी नाहीये ती. खरंच नाही."

"मग काय पायांनी चालत आली?"

ती माझ्याकडे वळली. "आई, तू सांग ना. दुपारी मी कॉलेजात असते."

मी पोळ्या करत होते. म्हटलं, "मला त्यातलं काय कळतंय?"

आणि तव्यावरची पोळी उलटली. करपू दिली नाही हो — हात इतका स्थिर होता.

पोरींना नको ते नाद, म्हणत नवऱ्याने कॉम्प्युटर सटाण्याच्या पुतण्याला देऊन टाकला. सुनंदा बी.ए. झाली, वणीला दिली. पुढे तिनेच मला मोबाइल शिकवला, माझं बोट धरून. मीही अडाण्यासारखी शिकले. एकदाही चिडली नाही ती — चिडायला काय झालं होतं तिला?

यंदा दिवाळीत तिच्याकडे होते. नात कॉम्प्युटरवर गाड्यांचा नवा खेळ घेऊन बसलेली, आणि घरचं मशीन धापा टाकतंय.

"मम्मी, हा पण अडकतोय! जुन्या फाइली उडवते आता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काही उडवू नकोस! आधी सावल्या बंद कर."

तिने केल्या. गाडी सुटली. "आजी, भारी!"

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात उलथणं. "आई, तुला कसं माहीत?"

तेव्हा सांगता आलं असतं.

"मला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. आत पोळी करपल्याचा वास आला, तरी जागची हलली नाही.