सगळे गोल मामांचे

आमच्यावर गोल झाला की मामांचा हात वर जायचा. चूक कोणाचीही असो, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे, “हा माहा होता.” एकदा तर ते रेषेबाहेर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होते आणि इकडे गोल झाला. मामांनी बसल्या जागेवरून हात वर केला. रेफ्रीला वाटलं, यांना आत यायचंय. “आत नाई येत साहेब,” मामा म्हणाले, “गोल माहा होता, तेवढंच सांगून राह्यलो.” समोरची टीमसुद्धा हसली. ज्याच्या पायातून चेंडू सुटला होता तोही हसला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मामा वर्धा स्टेशनात सांधेवाले होते. येणारी गाडी तिच्या रुळावर वळवून द्यायची, हे त्यांचं काम. चाळिशी उलटलेली, रेल्वेची खाकी पँट गुडघ्यावर कापून तिचीच चड्डी केलेली, आणि धावण्याच्या नावानं आनंद. तरी त्यांना फुलबॅकच्या जागेवरून हलवायची कोणाची छाती नव्हती. आम्ही पोरं चेंडूमागे धावून दमायचो, आणि चेंडू शेवटी जिथे यायचा तिथे मामा आधीच उभे असायचे. दुसऱ्याची चूक स्वतःवर का घेता, असं मी त्यांना एकदा विचारलं.

“गाडी भलत्या रुळावर गेली तं आतल्या पाशिंजराले कोणी इचारत नाई,” ते म्हणाले. “सांधेवाल्याले इचारते. मले सवय हाय.”

यावरून मामा भोळे होते असं कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नालवाडीकडच्या माळावर ज्याची चूक त्यालाच बाजूला घेत आणि कालचा चेंडू जसा आला होता तसाच त्याच्याकडे मारत राहत, तो रडकुंडीला येईपर्यंत. “काल चारचौघात तो माहा होता,” म्हणायचे. “आज तुहा हाय. घे.” हे सकाळचं प्रकरण इतकं जीवघेणं असायचं, की त्यापेक्षा मैदानात शिव्या परवडल्या असत्या.

टीम आमची अठरापगड होती. दिगू कापूसबाजारातल्या अडत्याचा मुलगा. चेंडू त्याच्या घरून यायचा, त्यामुळे रागही कायम नाकावर असायचा. गोली वसंता, कापसाच्या जिनात राबणाऱ्या बापाचा पोरगा, लांब हातांचा आणि जेमतेम बोलणारा. छप्पनच्या दसऱ्याला त्याच्या घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. बाजारात त्यावरून कुजबुज चालायची, ती आमच्या कानांवरही यायची, पण मैदानात कधी आली नाही. आम्हांला वाटायचं, आपण फार मोठ्या मनाचे आहोत.

मग मामांची बदली बल्लारशाला झाली. त्यांना पोचवायला आख्खी टीम फलाटावर गेली होती. दोघातिघांचे डोळे भरून आले, तसे मामा वैतागले. “रडता काऊन बे? बल्लारशा काही विलायत नाई.” गाडी सुटताना त्यांनी दिगूचा खांदा धरला. “कप्तानी तुह्याकडे. एक ध्यानात ठेवजो, गोलातून वसंताले हलवू नको.” दिगूनं मान हलवली.

पुढच्याच सामन्यात आमचं पितळ उघडं पडलं. मधोमध एक साधा चेंडू घरंगळत आला. वसंताला वाटलं मी घेईन, मला वाटलं वसंता पुढे येईल. खरं तर तो चेंडू मामांचा होता, आणि आम्ही दोघांनीही तो त्यांच्यासाठी सोडला. गोल झाला.  आम्ही सगळे कोणाच्या तरी हाताची वाट बघत होतो. हात वर गेले, पण एकमेकांकडे बोटं दाखवायला. मी दिगूवर ओरडलो, दिगू वसंतावर, आणि या भांडणात आणखी दोन गोल खाल्ले.

दोष उतारानं वाहत जातो, हे मला त्या संध्याकाळी दिसलं. सगळ्यांवरून ओघळत तो शेवटी वसंतापाशी येऊन थांबला. कपडे बदलताना आमच्यातलाच एक जण म्हणाला, “धर्म बदलला अन् हात ढिले झाले याचे.” वसंतानं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं पाहिलं दिगूकडे, कप्तान काय बोलतो म्हणून. दिगू बुटाच्या नाड्या सोडत राहिला. वसंतानं जर्सी काढली, नीट घडी करून दगडावर ठेवली आणि म्हणाला, “दुसरा गोली पाहून घेजो.”

तो आठवडा फार वाईट गेला. टीमचे सरळ दोन तुकडे पडले. शील्डचा सामना तोंडावर होता आणि माळावर निम्मी पोरं यायची, तीही एकमेकांना पास न देणारी. मी वसंताच्या घरी दोनदा जाऊन आलो. शेवटी तो एका सामन्यापुरता तयार झाला. दिगू म्हणाला, “ठीक हाय. पण याच्याकडून एक जरी गोल गेला तं हाफटाइमले दुसरा उभा करीन.” वसंता गेला असता तर त्याच्या बाजूचे आम्ही चौघेही मागोमाग गेलो असतो, आणि टीम तिथेच संपली असती. हे दिगूलाही कळत होतं, पण शब्द तोंडातून गेला होता.

मी बल्लारशाच्या गाडीच्या गार्डाबरोबर मामांना निरोप धाडला. सामन्याच्या दिवशी बघतो तर बाभळीखाली, मांडीवर डबा ठेवून मामा बसलेले. खोटं कशाला सांगू, माझ्या जिवात जीव आला. सगळ्यांच्याच आला. मामांनी मात्र कोणाला हाक मारली नाही.

पहिल्या अर्ध्या तासात आम्ही जीव तोडून खेळलो. मग दिगूनं मागे वसंताकडे पास दिला. तो फारच हलका पडला. समोरच्यांचा एक जण मध्ये घुसला आणि गोल.

आम्ही अकराही जणांनी एकदम बाभळीकडे पाहिलं. मामा आमच्याकडेच बघत होते. ते उठले, डबा काखेत मारला, चड्डीवरची धूळ झटकली आणि आमच्याकडे पाठ करून स्टेशनच्या वाटेला लागले. त्यांची गाडी तर थेट संध्याकाळची होती. आम्ही त्या पाठीकडे बघत राहिलो. आता वळतील, मग वळतील, असं वाटत होतं. ते जिनाच्या भिंतीआड गेले. मैदानात उरलो आम्हीच, आणि चेंडू हातात धरून उभा असलेला वसंता. तो जर्सीच्या गळ्याशी हात नेऊन थांबला होता. रेफ्रीनं दोनदा शिटी वाजवली. 

दिगू चालत वसंतापाशी गेला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. चेंडू घेताना तो अगदी हळू बोलला, मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. “पास माहा हलका पडला बे. उभा राह्य.”

त्यानंतर आम्ही गोल खाल्ला नाही. फेडताही आला नाही.

घामेजलेल्या जर्सींसकट आम्ही स्टेशनावर धावलो. गाडी लागली होती आणि मामा दारात उभे होते. मला वाटलं, किती झाले ते विचारतील.  पण फलाटावर एकेक जण पोचत होता तसतसे ते डोळ्यांनीच आम्हांला मोजत होते. दहा झाले आणि त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात पुलाच्या जिन्यावरून वसंता उतरताना दिसला, अंगात जर्सी होती.

“झाले अकरा,” मामा म्हणाले आणि आत जाऊन बसले. गाडी हलली. आम्ही हरलो, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.