गल्लीत कुणी डोकावतं का?

आमची गल्ली राहायला चांगली आहे का, हे बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. त्यामुळे थोरल्या बहिणीनं, अक्कानं, सोनपेठहून फोनवर विचारलं तेव्हा मी पटकन म्हणून गेलो, "चांगली आहे की. का गं?"

"घाईत सांगू नगंस," अक्का म्हणाली. "नीट बघ, मग सांग."

झालं होतं असं. हिवाळ्यात अक्का न्हाणीत पाय घसरून पडली. मेहुणे जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती लेक मानवतला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. शेजारीण चाळणी परत द्यायला आली, हाक मारली, ओ आली नाही म्हणून आत डोकावली, म्हणून अक्का तासाभरात दवाखान्यात पोचली. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा गेलाच. तेव्हापासून लेक आणि मी तिच्या मागे लागलो होतो की आता परभणीला माझ्याकडं येऊन राहा. बायको गेल्यापासून माझं घर तीन वर्षं रिकामंच होतं. एका माणसासाठी किती भात टाकायचा, हे मला अजून जमलेलं नाही. अक्का यावी असं मला फार वाटत होतं, आणि त्यासाठी थोडं खोटं बोलायचीही माझी तयारी होती.

"तुज्या घरात कसं ऱ्हायचं ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "पर तू दिवसभर भटकत अस्तूस. मी पडले तर कुनी डोकावतं का तुज्या गल्लीत? तेवढं सांग."

मी भटकतो हे खरं आहे. तीस वर्षं मी घरोघर जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. त्या नोकरीनं पायांना आणि डोळ्यांना वाईट सवय लावली. पूर्वी मीटर घरात असायचे. कुणाचा देवघरावर, कुणाचा दारामागं, एकाचा तर शेरडांच्या गोठ्यात होता, आणि रीडिंग घेताना शेळी माझी वही चघळायची. आकडा लिहून होईस्तोवर घरात काय शिजतंय, कोण रुसलंय, सगळं कळायचं. पुढं मीटर बाहेर भिंतीवर आले. आता आमच्या कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटमध्ये बारा मीटर पार्किंगमधल्या एकाच पेटीत बसलेत. रीडिंग घेणाऱ्याला आत कुणी राहतं की नाही, हेसुद्धा बघायला लागत नाही.

आमची गल्ली शहराच्या पिंगळीकडच्या अंगाला आहे. मी प्लॉट घेतला तेव्हा चार घरं आणि बाकी सगळा कापूस. आता कापूस कुठंच नाही. दोन अपार्टमेंटं, रांगेत बांधलेली आठ घरं, मुलींचं एक वसतिगृह, पाण्याच्या जारचं दुकान. मधेमधे रिकामे प्लॉट आणि त्यांवर पाट्या, 'सदर प्लॉट विकणे नाही'. विकायचा नाही तर सांगता कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. खालची काळी माती मात्र अजून शेताचीच आहे. उन्हाळ्यात ती फाटते आणि तिच्याबरोबर आमची कंपाउंडंही. माझ्या भिंतीतल्या भेगेत तर आख्खी पेन्सिल जाते.

अक्काला खरं सांगायचं म्हणून मी चौकशीला निघालो. आधी अपार्टमेंटच्या सेक्रेटरींना गाठलं. औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करणारा, नेहमी इस्त्रीच्या कपड्यातला गृहस्थ. "काका, एरिया डेव्हलप होतोय," ते म्हणाले. "पाच वर्षांत बघा." पाच वर्षांनी गुडघे टेकून अक्का काय बघणार, हे मी मनातच ठेवलं.

त्याच अपार्टमेंटात दुसऱ्या मजल्यावर मानवतकडची एक बाई शिवणकाम करते. तिला विचारलं तर मशीन थांबवून तिनं मलाच विचारलं, "चांगली म्हणजे कशी, काका? गिऱ्हाईक लय हाय. पण ब्लाऊज घेतला की दार लावून जातेत. दिवसभर मशीनचाच आवाज. दोन वर्षं झाली, समोरच्या फ्लॅटात कोण राहतंय ते मला अजून ठाव न्हाई."

तिसरा, कोपऱ्यावरचा पानटपरीवाला म्हातारा. ही सगळी जमीन एकेकाळी त्याचीच. विकली, आणि तिच्याच एका कोपऱ्यावर टपरी टाकून बसला. "तुमचं संडास जिथं हाय ना," तो मला म्हणाला, "तिथं माजी हीर हुती. गोड पानी हुतं. मला काय इचारता ऱ्हायला चांगलं हाय का!"

या तिन्ही उत्तरांतून मला काहीच कळलं नाही. शेवटी फोनवर अक्काला म्हणालो, "तूच ये आठ दिवस. बघ, आणि ठरव."

"न्यायला येतूस?"

"अगं, थेट एसटी आहे. तुला तर अर्धंच तिकीट. उतरलीस की मी स्टँडवर आहेच."

ती नुसतं "बरं" म्हणाली. लहानपणी पंचमीला तिला सासरहून माहेरी आणायला मीच मुराळी म्हणून जायचो. हातात शिदोरीचं गाठोडं, डोक्यावर टोपी, आणि तिची सासू मला पाटावर बसवून वाढायची. ते मला फोन ठेवल्यावर आठवलं. पण आठवून मी हसलो आणि चहा टाकायला गेलो. याच्यापुढं माझी अक्कल गेली नाही.

अक्का आली ती मार्चमध्ये. ज्वारी निघून गेली होती, हरभराही उरकत आला होता. पहिल्या दिवशी तिनं घर बघितलं आणि नाक मुरडलं. "ओटा कुटंय?" माझ्या घराला ओटा नाही. लोखंडी गेट आहे आणि गेटाला कुलूप. तिनं घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलून गेटाबाहेर, थेट रस्त्यावर मांडली आणि निवडायला मेथी घेऊन बसली. येणारा-जाणारा दचकायचा. स्कूटरवाले वळसा घालून जायचे. वसतिगृहातल्या मुली कानात इअरफोनची बोंडं घालून तिच्यासमोरून जायच्या, आणि ती प्रत्येकीला विचारायची, "जेवलीस का गं?" तिसऱ्या दिवशी एकीनं बोंडं काढून "हो आजी" म्हटलं. त्या दिवशी अक्का एक पोळी जास्त जेवली. मी हे सगळं खिडकीतून बघत होतो आणि मनात हिशोब करत होतो, येईल की नाही.

पाचव्या दिवशी मी दुपारी बँकेत गेलो होतो. परत येतो तर माझ्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मेंढरं! शंभरेक तरी असतील. एक घोडं, कोकरांची जाळी, चूल मांडून बसलेलं जोडपं, आणि त्यांच्याशी गप्पा मारत खुर्चीवर अक्का.

"हे काय?"

"मागच्या रस्त्यानं चालली हुती," अक्का आनंदानं म्हणाली. "म्हनलं, रान रिकामं पडलंय, बसवा की एक रात. तुज्या डब्यातली दोन पायली ज्वारी दिली त्यांला."

आमच्याकडं पीक निघालं की मेंढपाळाला बोलावून रानात मेंढरं बसवायची रीत आहे. रात्रभराच्या लेंड्या-मुतानं जमिनीला जे खत मिळतं ते पोत्यातलं देत नाही. त्याबद्दल त्यांना धान्य द्यायचं. सोनपेठला लोक यासाठी भांडतात, आधी माझ्या रानात म्हणून. अक्कानं प्लॉटमालकावर केवढे उपकार केले होते! मालक हैदराबादला राहतो आणि त्याला प्लॉटवर काँक्रीट उगवायचंय, हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. माझ्या आलं होतं. पण तिचा चेहरा इतका खुशीत होता की मी काही बोललो नाही. खरं सांगतो, पुढं काय होतं याची मला उत्सुकताही होती.

सकाळी मेंढरं निघून गेली आणि गल्ली जमली. बावीस वर्षांत एवढी माणसं मी एकत्र बघितली नव्हती. वास, माशा, रात्रभरची बें-बें. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट नाकाला लावून उभे. "काका, कुणाला विचारून केलं हे? हा काय उकिरडा आहे? लहान मुलं आजारी पडली तर? मी मालकांना फोन लावतो."

"अवो, खत हाय ते," अक्का पुढं होऊन म्हणाली. "लोक पाया पडून बसवितेत."

"आजी, हे शेत नाही!"

मागून टपरीवाला म्हातारा बोलला, "शेतच हाय की. लय सालांनी बिचाऱ्याच्या पोटात कायतरी पडलं." कुणीतरी हसलं, त्यामुळे सेक्रेटरी आणखी चिडले. आवाज चढले. आणि मला, तीस वर्षं दारोदार दोन मिनिटं उभं राहून पुढं सरकायची सवय असलेल्या माणसाला, तिथून फक्त सुटायचं होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "जाऊ द्या साहेब, तिला कळत नाही. पाहुणी आहे. दोन दिवसांत जाईल."

भांडण तिथंच मिटलं. लोक पांगले. अक्कानं खुर्ची उचलून आत आणली आणि गेटाला कुलूप लावलं. आल्यापासून पहिल्यांदा तिनं ते कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट वाजलं. मी न्हाणीत होतो. बाहेर आलो तर गेटाच्या सळ्यांतून शिवणकामवाली बाई आत डोकावत होती. हातात बादली. "काका, मावशी दिसल्या न्हाईत सकाळपासून. बऱ्या हायेत ना?" मग जरा हळू आवाजात, "गुलाबाला त्या लेंड्या किती घालायच्या ते विचारायचं होतं." अक्का बाहेर आली. ओल्या घालू नकोस, वाळवून चुरा कर, बुडाशी नको, जरा लांब. तासाभरात तिघी-चौघी घमेली घेऊन आल्या. वसतिगृहाच्या मुलींनी फुटक्या डब्यात तुळस लावली होती, त्याही आल्या. दुपारी सेक्रेटरींची बायको आली, पदराखाली टोपलं झाकून. अक्कानं तिला सगळ्यात चांगल्या लेंड्या दिल्या.

मी आनंदलो. वाटलं, जिंकलो! माझ्या गल्लीत माणसं डोकावतात. माझ्यासमोर डोकावली!

संध्याकाळी बघतो तर अक्का पिशवी भरत होती.

स्टँडवर सोनपेठची गाडी लागेपर्यंत मी तिला शंभर वेळा विचारलं, का चाललीस? ती खिडकीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मगच बोलली. "गल्ली चांगली हाय रे. भांडली, पर सकाळी बादली घिऊन आली. भांडनारी मान्सं बरी असतेत."

"मग?"

"त्यांनी कुनी मला पाहुनी म्हनलं न्हाई. तू म्हनलास."

गाडी निघाली. मी स्टँडवर कितीतरी वेळ उभा होतो. त्या सेक्रेटरीला मनातल्या मनात शिव्या देऊन बघितल्या, पण त्यात काही दम नव्हता. माझं मलाच कळत होतं. मी गल्लीची इतकी चौकशी केली होती, पण बावीस वर्षांत मी एकाही घरी चाळणी मागायला गेलो नव्हतो.

पुढचे महिने गल्लीनं मला छळलं. जो तो विचारायचा, आजी कधी येणार? शिवणवाल्या बाईनं गुलाबाला आलेली कळी दाखवायला मला वर बोलावलं. तेव्हा समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं आणि तिथली बाई हिच्या मशीनजवळ बसून काज-बटण करत होती. प्लॉटमालकानं तारेचं कुंपण घालून नवी पाटी लावली. आत गवत इतकं माजलं की पाटी दिसेना. मी फोनवर हे सगळं सांगायचो. अक्का ऐकायची, हसायची, आणि शेवटी म्हणायची, "बरं, ठिवते."

श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी मी कपाटातून टोपी काढली. भाकरी काही मला नीट जमत नाहीत, म्हणून शिवणवाल्या बाईनं करून दिल्या. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, सगळं एका फडक्यात बांधून. एसटीत माझ्या मांडीवरचं ते गाठोडं बघून कंडक्टर म्हणाला, "काका, कुटं, लग्नाला?"

"नाही," मी म्हणालो, आणि गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली.

अक्का ओट्यावरच होती. दुखरा पाय लांब करून शेंगा फोडत होती. मला बघून तिनं मान वर केली, टोपी बघितली, गाठोडं बघितलं, आणि पुढची शेंग उचलली. मी पायरीखाली तसाच उभा. ओट्यावर कसा चढू, ते मला कळेना. तेवढ्यात शेजारीण, तीच चाळणीवाली, भिंतीवरून डोकावली.

"कोन आलंय वो अक्का? पाहुने?"

अक्कानं हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. माझ्याकडं बघत सूप बाजूला सारलं.

"पाहुना कशाचा," ती म्हणाली. "मुराळी हाय माजा. न्यायला आलाय."