चार दिवस न ढवळलेली बरणी

"गोडावर गोड म्हणजे एका घरात दोन सवती," असं म्हणत आमच्या घरमालकीणबाई माझी पुरणपोळी बाजूला सारायच्या आणि भरल्या वांग्यांचं ताट पुढे ओढायच्या. दुसऱ्या हातात घरच्या वाईनचा इवलासा पेला असायचा. मी त्यांना आंटी म्हणायचे. मंगळुरी ख्रिश्चन, विधवा, सत्तरीच्या. बंगलोरात शिवाजीनगरच्या बाजारामागे त्यांचं कौलारू बैठं घर होतं आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. यांना बंगलोरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी मी साताऱ्याहून थेट इथे येऊन पडले. कन्नड येत नव्हतं. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर मी वर्षभर भाजी आणली. आंटींची कोकणी मात्र कळायची, आणि माझ्यासाठी त्या तिला मराठीचं वळण द्यायच्या.

मी वाईन प्यायले नाही. एकदा फक्त करंगळी बुडवून चाटली आणि लगेच चूळ भरली. पण कशाबरोबर काय जातं हे मी मागच्या पायरीवर त्यांच्याकडून पक्कं शिकले. तीळ, दाणे, खोबरं, जे जे भाजून घेतलेलं असेल ते चालायचं. चिंचेची आमटी समोर आली की त्या पेला झाकून ठेवायच्या. चिंचेपुढे वाईनचं पाणी होतं म्हणायच्या. माझं थालीपीठ आणि लोणी त्यांनी स्वतःच्या डुकराच्या मटणाच्या पंक्तीला बसवलं, तेव्हा मला आधी शिसारी आली आणि मग दोन दिवस मी फुशारून हिंडले.

द्राक्षं नंदीच्या डोंगराकडच्या मळ्यांतून यायची. जांभळी-काळी, जाड सालीची. "आमच्या मंगळुरच्या उकाड्यात ही वाईन चार दिवसांत आंबते, बाय," त्या म्हणायच्या. "हे तीन हजार फुटांवरचं गाव. इथे तिला घाई नाही."

त्या वर्षी कलकत्त्याहून त्यांच्या मुलाचं पत्र आलं. सात वर्षांनी तो नाताळला येणार होता. आई एकटी राहते याची त्याला काळजी होती. तिला जमत नसेल तर घर विकून तिला घेऊन जायचं, असं त्याने सरळ लिहिलं होतं. आंटींनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, कारण डोळ्यांत मोतीबिंदू होता. मग म्हणाल्या, "मी ह्या घरातून चर्चच्या मागच्या जागेतच जाणार. येऊ दे त्याला. एक घोट पोटात गेला की कळेल त्याला, आई अजून खडखडीत आहे."

म्हणून त्यांनी त्या वर्षी सगळ्यांत मोठी बरणी काढली. द्राक्षाला पाण्याचा थेंब राहिला तर वाईन फुकट जाते, त्यामुळे यांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन मी एकेक द्राक्ष पुसलं. साखर, गहू, लवंगा त्यांनी स्वतः घातल्या. आणि आठवड्याच्या आत दवाखान्यातून डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. दहा दिवस पट्टी बांधून पडून राहायचं होतं. जाताना त्यांनी लाकडी डाव माझ्या हातात दिला.

"साली वर येतात. रोज सकाळी खाली ढकल. बाकी काही नाही. आणि हात तुझाच लाव, दुसऱ्या कोणाला शिवू देऊ नकोस."

पाच दिवस मी मनोभावे ढवळलं. सहाव्या दिवशी माझी पाळी आली.

आता हे आजच्या मुलींना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारतील. मारू देत. आमच्याकडे त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला शिवत नसत, शिवलं की लोणचं नासतं. बंगलोरला आम्ही दोघंच, हे तर तेव्हा पंधरा दिवस मुंबईला गेलेले, त्यामुळे स्वयंपाक मी करतच होते. फक्त देवाला आणि लोणच्याला हात लावत नव्हते. आंटींची बरणी मी लोणच्यातच धरली. दुसऱ्या कोणाला बोलवायचं नव्हतं, त्यांनीच बजावलं होतं. चार दिवस मी लांबून, दाराच्या चौकटीतून, बरणीला नमस्कार केला. इतका मान मी माझ्या स्वतःच्या लोणच्याला कधी दिला नाही.

पाचव्या दिवशी न्हाऊन बरणीवरचं फडकं सोडलं तर सालींवर पांढरी बुरशी आणि नाकात जाणारा आंबूस वास. मी बुरशी काढली, वरून साखर ओतली, जोरजोरात ढवळलं आणि फडकं पुन्हा बांधलं. मग तिथेच फरशीवर बसून रडले.

आंटी जाड भिंगांचा चष्मा लावून परतल्या. बरणीचं तोंड उघडताच त्यांना कळलं. मी सांगणारच होते, खरंच सांगणार होते. पण आंटीच आधी म्हणाल्या, "द्राक्षं ओली पडली असणार. माझ्या डोळ्यांना दिसलं नाही." मी फडकं उचललं आणि धुवायला नेलं. दुसरी बरणी घातली असती तर ती नाताळपर्यंत मुरली नसती.

नाताळच्या दुपारी त्यांनी आम्हा दोघांनाही जेवायला बोलावलं. नासलेल्या वाईनचा सिरका झाला होता, तो त्यांनी मुलाच्या आवडीच्या मटणात घातला होता. माझ्यासाठी वेगळी भाजी होती. मुलगा सभ्य, हळू बोलणारा. त्याने घरची वाईन मागितली. आंटींनी विकतची बाटली पुढे ठेवली आणि हसत म्हणाल्या, "यंदा बिघडवली मी."

तो हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही रोज बघता. तुम्हीच सांगा, ममाला आता एकटीला झेपतं का?"

टेबलाशी दोन पुरुष बसले होते. त्यांच्यासमोर पाळी हा शब्द उच्चारायचा म्हणजे त्या काळी मेल्याहून मेलं. आंटी माझ्याकडे आशेने बघत होत्या, त्या नव्या डोळ्यांनी.

मी म्हणाले, "वय झालंय आता त्यांचं."

फेब्रुवारीत घर विकलं गेलं. आम्ही दुसरीकडे बिऱ्हाड केलं. स्टेशनवर आंटींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बरणी मला देऊन टाकली. माझ्यावर त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर मी सगळं बोलले असते, असं मी अजूनही स्वतःला सांगते. ते खरं नाही.

पावसाळ्यात कलकत्त्याहून त्यांचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. तिथे फार उकडतं, असं होतं. सून चांगली आहे. आणि शेवटी: "बाय, रात्री झोप येत नाही तेव्हा त्या द्राक्षांचाच विचार येतो. तू पुसलीस ना ती? खरं सांग, ओली होती का?"

उत्तर लिहायला मी तीनदा बसले. ते टाकायच्या आधी त्या गेल्याची तार आली.

एकही ओलं नव्हतं, आंटी. एकेक मी पुसलं होतं.