पहिल्या बसची चौकशी करणाऱ्या शरयूताई

शरयूताई टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. नवऱ्याच्या नोकरीमुळे ओसाकाला येऊन मला दोन वर्षं झाली होती. क्योतोतल्या ताईंच्या अभ्यासकेंद्रात साहाय्यकाची जागा निघाली, म्हणून मी मुलाखतीला गेले. ताईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "तुमच्या आजोळहून तालुक्याच्या दवाखान्यात जायला पहिली बस किती वाजता असते?"

मला कुठे ठाऊक! "मग विचारून घ्या आणि उद्या या," त्या शांतपणे म्हणाल्या. मी मामाला फोन केला, उत्तर घेऊन गेले आणि रुजू झाले.

अनेक देशांनी मिळून केलेल्या आर्थिक संघात नव्याने सामील होणाऱ्या देशांच्या मागास भागांपर्यंत विकासनिधी कसा पोचतो, हा ताईंचा आयुष्यभराचा विषय. ज्या विभागाचं सरासरी उत्पन्न संघाच्या सरासरीहून बरंच कमी, त्याला रस्ते, पाणी, दवाखाने यांसाठी जास्त निधी मिळतो. म्हणजे विभागाची हद्द कुठे आखली, यावर तिथल्या लोकांचं नशीब ठरतं. या हद्दी सुचवणारा अहवाल आमचं केंद्र संघाला देतं, आणि त्यावर सही करण्याआधी ताई प्रत्येक जिल्ह्यातल्या कुणाला तरी फोन करून दवाखान्याला जाणाऱ्या पहिल्या बसची वेळ विचारतात. आमच्या सहकारी ओकादा-सान आधी हसायच्या. पुढे त्यांनीच तक्त्यात बसचा वेगळा रकाना केला.

तीन वर्षांपूर्वी मी एक घोळ घातला. एका नव्या सदस्य देशाचा नकाशा सुटसुटीत दिसावा म्हणून एक डोंगराळ जिल्हा मी राजधानीच्या विभागात टाकला. राजधानीच्या श्रीमंतीने सरासरी वर गेली आणि तो गरीब जिल्हा कागदावर सुखवस्तू झाला. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. ताईंनी तिथल्या शिक्षिकेला फोन लावला. दवाखान्याची बस आठवड्यातून दोनदाच येत होती! मी रडायलाच लागले. ताई मला समोरच्या उदोन नूडल्सच्या दुकानात घेऊन गेल्या. "रडून झालं की नकाशा परत आखू. आधी खा, गार होतंय," म्हणाल्या. उशिराबद्दलच्या पत्रात त्यांनी चूक केंद्राची म्हणून लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. माझं नाव कुठेच येऊ दिलं नाही.

या महिन्यात ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. खरं तर त्यांच्या गौरवग्रंथासाठी हा लेख आनंदाने लिहायचा. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. मंगळवारी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि हा गौरवग्रंथ त्याआधीच छापायला जाणार. त्याच आठवड्यात आणखी एका नव्या सदस्य देशाचा अहवाल जातोय, प्रथमच माझ्या सहीने. परवा हॉस्पिटलात ताई म्हणाल्या, "मी नसले तरी नीट बघ."

"ताई, असं अभद्र बोलू नका."

"अगं, सहीच्या वेळी म्हणतेय मी! मंगळवारी भूल दिलेली असेल मला. सगळीकडे फोन झाले?"

"एक जिल्हा राहिलाय."

"मग इथे काय करतेस?"

मी खाली येऊन तिथूनच फोन लावला. त्या जिल्ह्यातली दवाखान्याची बस हिवाळ्यापासून बंद आहे. माझ्या मसुद्यात ती धावत होती. आता हद्द पुन्हा तपासतेय, आणि खोडताना दर वेळी ताईंच्या खुर्चीकडे नजर जाते.

ताई, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो, शंभरी निरोगी गाठा, हे आम्ही सगळेच मागतो. मी आत्ता फार लांबचं मागत नाही. क्योतो स्टेशनवरून तुमच्या हॉस्पिटलला जाणारी पहिली बस पाच पंचेचाळीसला आहे. ओसाकाहून पहिल्या ट्रेनने निघाले तरी ती मिळत नाही, म्हणून सोमवारी मी क्योतोतच राहणाऱ्या ओकादा-सानकडे मुक्कामाला जाणार आहे. मंगळवारी शुद्धीवर आलात की मला फक्त एवढं विचारा, कितीच्या बसने आलीस. या वेळी मला उत्तर ठाऊक आहे.