असाच हिंडायला गेल्तो

मी शहाणा माणूस आहे, हे माझं मत. गावाचं मत निराळं आहे. ते निराळं का झालं, हे एकदा सांगूनच टाकतो. चौथीपर्यंत शिकलोय, तेव्हा माझं शुद्धलेखन काढत बसू नका. आणि मधे बोलायचं नाही. बोललात तर इथंच थांबेन. मला काही हौस नाही स्वतःची अब्रू काढायची.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. लग्नात सासऱ्यानं सायकल दिली होती. काळी कुळकुळीत, चोवीस इंची, पुढं दिवा. मी ती रोज सकाळी खोबरेल लावून पुसायचो.

तेव्हा सायकल म्हणजे कामाची वस्तू. दुधाची किटली अडकवायची, पेंडीचं पोतं आणायचं, राहुरीच्या बाजाराला जायचं. नुसती चालवायची म्हणून कुणी चालवत नव्हतं. मी चालवायचो. गहू निघालेला, उसाच्या पाण्याची पाळी यायला आठ-दहा दिवस. मधे करायचं काय? झाडाखाली बसून पत्ते खेळावेत, अशी गावाची रीत. मला पत्ते आवडत नव्हते, कारण मी हरायचो. म्हणून सकाळी उठून कालव्याच्या कडेनं निघायचो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला लिंबाची झाडं, खाली त्यांचा मोहोर सांडलेला. घाई नाही. मागून कुत्रं पुढं गेलं तर जाऊ द्यायचं.

पण लोकांना हे बघवायचं नाही. भेटेल तो विचारणार, "कुठं निघाला?"

"कुठं न्हाई."

"मंग सायकल कशाला?"

याला काय उत्तर आहे? तुम्हीच सांगा. नको, राहू द्या.

तर वैशाखातली ती सकाळ. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचं नाव कौसल्या, सगळे कौसा म्हणायचे. सातवा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण. पंधरा दिवसांनी माहेरची माणसं न्यायला येणार होती. मी म्हटलं, "जाऊन येतो."

"कुठं?"

बघा! घरातसुद्धा तेच. मी उत्तर दिलं नाही. तेव्हा दिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, पण मग हा किस्साही नसता.

वारा पाठीमागून होता. सायकल आपोआप चालली होती म्हणा ना. वाटेत एक गुऱ्हाळ लागलं, हंगामातलं शेवटचं. गुऱ्हाळवाला ओळखीचा. म्हणाला, "या, रस घ्या." फुकटचा म्हटल्यावर मी चार तांबे रिचवले. पोटाचा नगारा झाला. आता मागं फिरायचं तर वारा समोरून. म्हणून पुढंच गेलो. असं करत करत देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं पोचलो आणि बघतो तर समोर सासऱ्याची वस्ती! सूर्य बरोबर डोक्यावर. म्हटलं, आलोच आहे तर डोकावून जाऊ.

उतरताना घात झाला. सीटच्या स्प्रिंगमध्ये लेंगा अडकला आणि मागून असा टर्रकन फाटला, की विचारू नका. किती फाटला? सांगायचं तर, टोपी पुरली. डोक्यावरची टोपी काढली, ती मागं धरली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. मी त्यांना मामी म्हणायचो.

"अगं बाई, जावयबापू! एकलेच आलाव? या, आत या."

आत जायचं तर त्यांच्याकडं पाठ होणार. "नको मामी," मी म्हटलं, "हितंच बरा हाय."

"मंग बसा तरी. घोंगडी टाकते."

बसलो की उठावं लागणार, आणि उठताना दोन्ही हात टेकावे लागणार. "बसायला न्हाई आलो, मामी."

मामींनी माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत धूळ गेलेली, त्यामुळं डोळे लाल. त्यातून पाणीही गळत होतं.

"पानी तरी घ्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

पोटात चार तांबे रस डुचमळत होता. "पानी नको. घशाखाली उतरायचं न्हाई."

मामींच्या हातातला तांब्या खाली पडला. दोन्ही हात छातीवर आपटून त्यांनी असा हंबरडा फोडला, की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली.

आता हे मला तेव्हा सुचलं नाही, पण तुम्हाला सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे बघत राहाल. आमच्याकडं मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. बसत नाही. पाणी घेत नाही. डोक्यावर टोपी ठेवत नाही. आणि तोंडानं 'मेलं' असं कधी म्हणत नाही. नुसता उभा राहतो. त्यावरनं समोरच्यानं समजून घ्यायचं.

आणि त्यांची लेक माझ्या घरात, सातव्या महिन्याची.

मी काय समजलो? सासऱ्याचा बाप, आम्ही त्याला म्हातारबाबा म्हणायचो, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलाय, असं ऐकून होतो. मला वाटलं, गेला म्हातारा! आणि मी अगदी वेळेवर आलो. जावई माणूस, न बोलावता हजर. चार लोकांत बरं दिसेल, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

शेजारच्या वस्त्यांवरच्या बाया धावत आल्या. सासरा, म्हणजे मामा, मळ्यातनं पळत आला. त्याच्यामागं माझा मेहुणा दगडू. मामांनी मला मिठीच मारली. "माझं सोनं गेलं हो, पाव्हनं!"

मला खरंच भरून आलं. मीही रडलो. एक हात मागं टोपीवर, दुसरा मामांच्या पाठीवर.

"मामा, धीर धरा," मी म्हटलं. "खरं सांगू का? सुटका झाली."

मामा रडायचे थांबले. माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना पटतंय. म्हणून पुढं म्हटलं, "घरच्यांनी तरी किती करायचं? खाऊ घालायचं, अंग पुसायचं, वर बोलनी ऐकायची. काम तर काडीचं व्हत नव्हतं. एका परीनं बरंच झालं."

बायांत कुजबूज झाली. एक म्हणाली, "बघा गं, कसा बोलतोय मुडदा!"

दगडूनं दातओठ खाल्ले. मला वाटलं, आजोबाचं दुःख. तो माझ्या सायकलीवर बसला आणि बापाला म्हणाला, "मी पुढं हुतो. आपुन पोचल्याबिगर उचलू देत न्हाई."

मी म्हटलं, "दगडूराव, ब्रेक जरा कमी लागतो. सांभाळून."

त्यानं माझ्याकडं जे बघितलं, ते मी आजही विसरलो नाही. आणि गेला. मला एवढंच कळेना, की मयत घरात असताना हा पुढं कुठं पोचतोय?

तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं काठीचा आवाज आला. बघतो तर म्हातारबाबा! पांढरी दाढी, अंगावर पांढरं फडकं, एकेक पाऊल टाकत सरळ माझ्याकडं. टोपी हातातनं गळाली.

"कोन गेलं रं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुमी!" मी ओरडलो.

म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातापायांकडं बघितलं. जरा विचार केला. "मला न्हाई कुनी सांगितलं," तो म्हणाला.

मग मामी पुढं आल्या. "मंग... माझी कौसा?"

"कौसाला काय झालंय? सकाळी भाकरी थापीत हुती."

"जित्ती हाय?"

"चांगली हाय की. मलाच बोलत हुती."

मामी मटकन खाली बसल्या. मामांनी मात्र माझा दंड धरला. पोलीस पाटलासारखे विचारायला लागले. "बसला का न्हाई?"

मी पाठ फिरवून दाखवली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"पानी का न्हाई घेतलं?"

"रस पेलो हुतो. चार तांबे."

"मंग आलाव कशाला?"

"असाच. हिंडायला."

सांगतो तुम्हाला, 'कौसा मेली' असं म्हटलं असतं तरी एवढी शांतता झाली नसती. "वैशाखात?" मामा म्हणाले. "भर दुपारी? पाच कोस? असाच?"

म्हातारबाबा म्हणाला, "याला पोरगी कुनी दिली?"

तेवढ्यात मामींना आठवलं. "आन् आपला दगडू?"

आता मात्र माझं काळीज हललं. लेक सासरी गेली, की माहेरची माणसं तोंड बघेपर्यंत मयत उचलायचं नाही, माहेरचं लुगडं अंगावर घालायचं, अशी रीत. तेच सांगायला दगडू माझ्या घरी निघालेला. दारात कौसा असणार. सातवा महिना. पहिलटकरीण. 'तुझं मयत उचलू नका म्हणून सांगायला आलोय,' असं भावानं तोंडावर म्हटलं तर? दचकली, पडली, काही झालं तर? सगळं माझ्या चार तांब्यांपायी!

मामांनी बैलगाडी जुंपली. मी, मामा, मामी. घाईत मामींच्या मांडीवर ट्रंकेतनं काढलेलं हिरवं लुगडं तसंच राहिलेलं. ते दिसू नये म्हणून मी बैलांकडं बघत बसलो.

"मामा, जरा जोरात हाना ना."

"बैल हायेत," मामा म्हणाले. "सायकल न्हाई."

मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोललो. बिनकामाचं हिंडणार नाही म्हणालो. पत्ते खेळेन म्हणालो.

ऊन कललं तेव्हा गावात शिरलो. माझ्या दारापुढं ही गर्दी! आणि गर्दीतनं रडण्याचा आवाज. पण तो आवाज कौसाचा होता, आणि चांगला खणखणीत होता. तिचा आवाज मी ओळखतो. कुठंही दुखत-खुपत असतं तर एवढा लागला नसता. जीव भांड्यात पडला. मग डोक्यात आलं, ही कुणासाठी रडतेय?

झालेलं असं. दगडूच्या चाकात वाटेत बाभळीचा काटा घुसला. अर्धी वाट बिचारा उन्हात सायकल ढकलत आला. दारात पोचला तर मेलेली बहीण अंगणात ज्वारी पाखडतेय! कौसानं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं भुतानं दिल्यासारखा ढकलून दिला. "दादा, हे कुठायत?" तिनं विचारलं. त्याला नुसतं रडू फुटलं, आणि तो ओट्यावर आडवा झाला. कौसानं बघितलं, भाऊ बसला नाही, पाणी घेतलं नाही. सायकल आली, सायकलवाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दगडूच्या नाकाला कांदा लावलेला, आणि कौसा बायांच्या गराड्यात. मामी गाडीतनं उडी टाकून तिच्याकडं धावल्या, पण गर्दी हलेना. मी गाडीआडच उभा राहिलो. लेंग्याचं कारण होतंच. पण खरं सांगू? आपल्यामागं आपल्याबद्दल काय बोलतात, हे फुकटात ऐकायला कुणाला मिळतं?

शेजारची चंद्राकाकू रडण्यात हुशार. ती कौसाच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "बोल गं बाय, मोकळी हो. त्याचं चांगलं चांगलं आठव."

कौसा थांबली. आठवायला लागली. बायाही थांबल्या. बराच वेळ गेला. बैलानं शेपूट हलवलं, तेवढाच काय तो आवाज.

मग कौसानं सूर लावला, "सायकल लई पुसायचा गं बाईऽऽ!"

बाया म्हणाल्या, "पुसायचा गं बाईऽऽ!"

मी वाट बघितली. म्हटलं, सुरुवात आहे, हळूहळू येईल.

"आजून सांग गं," चंद्राकाकू म्हणाली.

कौसा परत थांबली. या वेळी जास्तच. "रोज पुसायचा गं बाईऽऽ!"

"रोज पुसायचा गं बाईऽऽ!"

आता तुम्हीच सांगा, माणसानं किती सोसायचं? दोन वर्षांचा संसार! माझं डोकं सणकलं. गाडीआडनं तसाच पुढं झालो आणि ओरडलो, "आगं, दारातला हा आंबा मीच लावलाय न्हाई का? ते सांग की!"

दोघी-तिघी बाया किंचाळून पळाल्या. चंद्राकाकू उंबऱ्यात पडली. कौसानं वर बघितलं. डोळ्यांतनं धारा लागलेल्या. पदरानं नाक पुसलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाली,

"आंबा मामंजींनी लावलाय."

खरं होतं. आमच्या बापानं आंबा लावला, तेव्हा मी पाळण्यात होतो.